चूक आणि खोटं

समोर कोणीही असो, पाठवाली त्याला शिकवायला बसायची. वाडीत चिकू निवडणाऱ्या बायका, दारात आलेला भंगारवाला, एवढंच काय, सुकट निवडत बसलेली माझी आई. एकदा तिने सुकटीचे वाटे घालून आईला भागाकार शिकवला. माझ्या अभ्यासाचं एक अक्षर जिने कधी ऐकून घेतलं नाही, ती माझी आई पाठवालीपुढे मान डोलवत, बाकी किती उरली म्हणून विचारत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि जळत होते.

पाठवाली तलासरीच्या पूर्वेची, डोंगराच्या अंगाच्या गावातली. घरी भात-नागलीची शेती. डहाणूला डी.एड.ला आम्ही एका वर्गात होतो. रोज घरून येणं जमेना म्हणून ती चिखल्याला आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. कोणी आजारी पडलं की त्याचाही सराव पाठ ही हौसेने घ्यायची, म्हणून तिचं नाव पाठवाली पडलं. आई मात्र तिला 'बाय' म्हणायची. मला हाक यायची ती पूर्ण नावाने, आणि बहुधा काहीतरी सांडल्यावर. डी.एड. संपलं, सरकारी भरती बंदच होती, तरी पाठवाली आमच्याकडेच राहिली. आईने तिला सोडलंच नाही.

तिला एकाच गोष्टीत धरता यायचं. सीमेकडच्या गावांत गुजराती कायम कानावर असते, आणि गुजरातीत उत्तर चुकलं की ते 'खोटं' पडतं. पाठवालीच्या तोंडी 'चूक' हा शब्दच नव्हता. "तुझं गणित खोटं हाय," असं ती अगदी मायेने सांगायची. मी दर वेळी तिला अडवायची. खोटं म्हणजे लबाडी, मराठीच्या बाईला एवढं कळायला नको?

सोळा सालच्या जूनमध्ये अच्छाडच्या बाजूच्या एका संस्थेच्या शाळेत तिसरीच्या वर्गासाठी जागा निघाली. जागा एक आणि घरातून जाणाऱ्या आम्ही दोघी. तरी तयारी एकत्रच केली. मी रंगीत तक्ते केले, टाचण पाठ केलं. पाठवालीने काहीच केलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, "बाईनं एकदा तरी फळ्यावर खोटं लिवावं. पोरांना बाई सापडली का वर्ग आपला." मी त्यातलं 'खोटं' तेवढं पकडलं आणि दंड ठरवला: जी खोटं म्हणेल तिने विहिरीवरून एक कळशी भरून आणायची. त्या आठवड्यात घरातलं सगळं पाणी पाठवालीने भरलं. आई माझ्यावर करवादली, पण पाठवाली हसत कळशी उचलायची आणि वाटेत 'चूक, चूक' घोकायची.

मुलाखतीच्या दिवशी अच्छाडला सीमेवरच्या नाक्याशी ट्रकांच्या रांगेत आमची जीप अडकली. मी टाचण परत परत घोकत होते आणि ही शेजारी बसून धाब्यावरची भजी खात होती. डेमो पाठाला वजाबाकी होती, माझा नंबर आधी. बेचाळीस वजा सतरा मी फळ्यावर लिहिलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने पस्तीस सांगितलं. मी छान शुद्ध मराठीत म्हटलं, "चूक आहे, बस." ती बसली. त्यानंतर वर्गात एकही हात वर झाला नाही, आणि माझे तक्ते नुसतेच वाऱ्यावर हलत राहिले.

मग पाठवाली आत गेली. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी. फळ्यावरचं तेच गणित तिने त्याच मुलीला विचारलं, आणि परत पस्तीसच आलं. पाठवालीने "चू..." म्हणून तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या मुलीचं पस्तीस स्वतःच फळ्यावर लिहिलं. "बाईनं लिवलंय. खरं का खोटं?" सगळा वर्ग ओरडला, खोटं. तीच मुलगी उठली, तिने पस्तीस पुसून पंचवीस केले. मागे बसलेले संस्थेचे लोक हसत होते. निकाल मला तिथेच कळला.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "तुझं चूक माझ्या तोंडात बसलंच नाय गं." माफी मागत होती बिचारी. मला त्या माफीचासुद्धा हेवा वाटला. चार दिवसांनी ती सामान घेऊन शाळेच्या गावी राहायला गेली. आई मागच्या खोलीचं दार कितीतरी दिवस उघडंच ठेवायची.

दोन वर्षांनी मला वरोरच्या एका शाळेत जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात एका मुलीचं गणित चुकलं. माझ्या तोंडून निघालं, "तुझं खोटं आहे." मुलगी उभी राहिली. "बाई, मी खोटं नाय बोलले." पाठवालीचा शब्द होता, तो माझ्या तोंडात लबाडी होऊन बसला. त्या पोरीला समजावता समजावता तास संपला.

संध्याकाळी पाठवालीला फोन केला. ती पोटभर हसली आणि म्हणाली, "मग भर एक कळशी."

नळ आल्यापासून आमच्या विहिरीवर कोणी जात नव्हतं. मी माळ्यावरची कळशी काढली, घासली, भरून आणली. आई ओटीवर सुकट निवडत होती. तिने कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बायची आठवण झाली?"

"छे," मी म्हटलं.

"खोटं," आई म्हणाली.