गॅलरीतल्या रिअॅक्शन

शाळेत वर्षानुवर्षं केमिस्ट्री शिकवली, पण त्यातला एक किस्सा आठवेल तर शपथ. रिटायर झाल्यावर करी रोडच्या आमच्या चाळीतल्या बायकांना शनिवारी दुपारी गॅलरीत बसवून रिअॅक्शन म्हणजे काय ते सांगायला लागले, आणि किस्से नुसते उतू जायला लागले.

सगळ्यात हुशार शेजारची सुप्रिया. बारावी सायन्स अर्धवट सोडून लग्न झालेलं, हौस तशीच राहिलेली. पण तिच्या सासूबाई, आक्का, दारातूनच ऐकवायच्या, "हे शिकून काय दिवे लावणार आहेस? माझ्या पोरीचं लग्न होऊ दे, मग हे थेर बंद." सुप्रिया वही मिटून आत जायची. मला आक्कांचा असा राग यायचा!

*

मालवणच्या काकींचा ढोकळा एकदा दगड झाला. पिठात फ्रूट सॉल्ट घालून त्या खाली भाजीवाल्याशी घासाघीस करायला गेलेल्या. म्हटलं, "काकी, पाणी लागलं की त्यातला सोडा आणि आम्ल भेटतात, वायू सुटतो, त्यानं पीठ फुलतं. तुम्ही येईपर्यंत तो उडून गेला."

काकी म्हणाल्या, "आमच्या ह्यांचो राग पण असोच गो. जरा फसफसता, मगे गप."

काका आत पेपर वाचत होते. ते गपच राहिले.

*

हिराबाई परळच्या बाजारात मासे विकतात. हाताचा वास जात नाही ही त्यांची तक्रार. मी सांगितलं, "तो वास अल्कलीच्या जातीचा. चिंचेचं पाणी चोळा. आम्ल त्याला धरून ठेवतं, नाकापर्यंत येऊ देत नाही."

पुढच्या शनिवारी हात स्वच्छ, पण बाई नाराज. "बाजारातली मांजरं पण आता वळख देत नाहीत, बाई."

*

सुप्रियाच्या नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. आक्कांच्या ठेवणीतल्या मोतिया साडीवर हळद सांडली. त्यांनी घाईघाईनं साबण लावला, तर डाग लालभडक! आक्का रडायलाच लागल्या. "पोरीच्या लग्नात हा कसला अपशकुन गं?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. मी उठणार, तोच सुप्रिया लिंबू घेऊन आली.

"आई, अपशकुन कसला? साबण म्हणजे अल्कली. त्यात हळद लाल होते, आम्लात परत पिवळी." तिनं लिंबू पिळलं. डाग बघता बघता पिवळा झाला.

आक्कांनी डोळे पुसले. साबणाची वडी उचलून सुनेच्या हातात दिली.

"परत लाल कर. खालच्या माळ्यावरच्यांना बोलावते. बघू देत, माझी सून काय शिकते ते."