उटकटाऱ्याची मुळी

सुलतानपुरात झुंबरबाईचा हात लागल्याशिवाय पोर जन्माला येत नसे. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, तो काळ. सरकारी दवाखाना मेहकरला, आणि तिथवर अडलेली बाई बैलगाडीत न्यायची म्हणजे वाटेतच निकाल! म्हणून झुंबरबाई. कुणाला विळा लागला, की तिनं एकदांडीचा पाला चुरगळून जखमेवर रस पिळावा. केस गळाले, की माक्याच्या रसात तेल कढवून द्यावं. बाळंतिणीला दूध कमी, की बांधावरची पाथरी खुडून तिची भाजी खाऊ घालावी. लोक जे तण म्हणून उपटून फेकत, तेच ही ओटीत भरून आणी. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला गुण होता. त्या गुणाचा ताठाही होता, आणि का नसावा हो?

तिचं खरं नाव झालं ते उटकटाऱ्याच्या मुळीनं. पडीक रानात उगवणारं, अंगभर काट्यांचं, माथ्यावर निळसर गोंडे मिरवणारं हे झाड. आदल्या संध्याकाळी त्याला हळदकुंकू वाहायचं, "उद्या नेतो तुले" म्हणून सांगायचं, आणि सकाळी वाटेत कुणाशी न बोलता मुळी खणून आणायची. बाई अडली की ती तिच्या बुचड्यात बांधायची. पोर बाहेर आलं, की नाळ कापायच्याही आधी सोडायची. राहिली तर मुळी ओढतच राहते, रक्त थांबत नाही, असं झुंबरबाईची सासू तिला दहादा बजावून गेली होती.

मानमोडीच्या साथीनंतर चौथ्या वर्षी महादेवराव पाटलांच्या घरून बोलावणं आलं. त्यांची बायको वच्छलाबाई दीड दिवस अडलेली. आधीच्या तिन्ही मुली. खोलीत पाटलांची म्हातारी आई आणि दोन शेजारणी होत्या. उंबऱ्याबाहेर ऊन पाण्याचं भगुणं घेऊन उभी होती कोकिळा, पाटलांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ मानमोडीत गेला, तेव्हापासून बाळंतिणीच्या खोलीत तिला मज्जाव होता.

झुंबरबाईनं मुळी बांधली, आणि घटकाभरात पोर आलं. मुलगा! इथंच बाईची मती फिरली. मुलगा झाल्याची बातमी बापाला जी पहिली सांगेल तिला जरीकाठी लुगडं, अशी पाटलांच्या घरची रीत. एक शेजारीण उठायच्या बेतात दिसली. झुंबरबाईनं घाईघाईनं नाळ कापली, पोर म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि ओसरीकडे धूम ठोकली. "पाटील, पोरगा झाला, पोरगा!"

तेवढ्यात आतून किंकाळी आली. ती परत धावली, तर खाली रक्ताचं थारोळं, वच्छलाबाई पांढरीफटक, आणि शेजारणी कोकिळेला दंडाला धरून बाहेर ढकलत होत्या.

"रांडमुंडीनं बाळंतिणीच्या डोक्याले हात लावला व माय! खाल्लं तिनं हिले!"

म्हातारीनं झुंबरबाईकडे पाहिलं. "झुंबरे, मुळी काढली होती ना तू?"

झुंबरबाईनं वच्छलाबाईचा बुचडा चाचपला. मुळी नव्हती. कुठं पडली, देव जाणे.

"हाव," ती म्हणाली. "काढली न."

मग पोट चोळून चोळून तिचे हात भरून आले, तेव्हा कुठं रक्त आटोपलं. वच्छलाबाई वाचली. पण दोष कोकिळेलाच चिकटला. आठवड्याच्या आत तिला शेतातल्या गोठ्यावर राहायला धाडलं. झुंबरबाईनं लुगडं एकदाच नेसलं. अंगाला खाजकुइरी लागावी तसं झालं तिला, आणि तिनं ते फेडून गाठोड्यात कोंबलं.

दोन वर्षं ती गोठ्याची वाट टाळून लांबच्या वाटेनं रानात गेली. गावात बाया म्हणायच्या, "झुंबरमायनं वाचवली हो वच्छलेले," आणि हिला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं. लाज गिळवत नव्हती, बोलवतही नव्हती. कितीदा ठरवलं की उद्या सांगू, पण तो उद्या काही उजाडला नाही.

शेवटी एका सकाळी पाथरी खुडायला वाकली, तर समोर त्याच बांधावर कोकिळा. आता पळणार कुठं? झुंबरबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"कोकिळाबाई, त्या दिवशी मुळी म्या काढलीच नव्हती. लुगड्यासाठी धावली. गुन्हा माहा हाय, तुमचा नाही."

कोकिळा पाला खुडतच राहिली. "मले माहीत हाय. मीच सोडली न ते. रक्त वाहून राह्यलं होतं, तू नव्हती, बुढीले काही सुचत नव्हतं. मंग गेली आत."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

"माहं कोण ऐकत होतं? त्याहिनं तुले इचारलं. तू हाव म्हणली." मग तिनं मान वर केली. "आन् मले सांगून काय होते, झुंबरमाय? मले तं माहीतच होतं. ज्याहिले माहीत नाही, त्याहिले सांग."

भर दुपारी झुंबरबाई पाटलांच्या ओसरीवर उभी राहिली. पाटील होते, म्हातारी होती, पोर अंगणात खेळत होतं. तिनं सगळं सांगितलं, लुगड्यासकट. मुळी कुणी सोडली तेही सांगितलं. पाटलांनी मान खाली घातली. म्हातारीनं वहाणा पायात अडकवल्या आणि ती एकटीच शेतातल्या गोठ्याच्या वाटेला लागली.

वच्छलाबाई दाराला धरून उभी होती.

"झुंबरमाय," ती म्हणाली, "दोन वर्सं म्या कोकिळेच्या हातचं पाणी घेतलं नाही व."