रंभा मॅडमची सही

सापगावात रंभाची पहिली ओळख झाली ती अंगात येणारी बाई म्हणून. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी, उजाडता उजाडता ती घरामागच्या खळ्यावर जाऊन उभी राहिली. पावलं किंचित आत वळवली, मुठी छातीसमोर धरल्या आणि नाकानं ओढलेला श्वास तोंडावाटे असा घुमवत सोडला, की शेजारची लहानी हातातला हंडा टाकून थेट तिच्या सासूकडं धावली.

"बाईजे, तुझ्या सुनंला वारं आलंय गो!"

बाईजा हळदकुंकू घेऊनच बाहेर आली. सून घामानं निथळत होती. तिनं मुकाट्यानं कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, कराटे हाय ते. जपानी."

"देव जपानचा हाय?" बाईजानं विचारलं.

पुढं वर्षभर कुणी ना कुणी कौल लावायला येत राहिलं. हरवलेली शेळी, न ठरणारं लग्न, दुखणारी कंबर. रंभा हसून परत पाठवायची. नवरा धनेश वाशिंदला कंपनीत कामाला. त्याला बायकोचं हे खूळ लग्नाआधीच ठाऊक होतं, कारण तिनं पाहायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं, "मी सकाळचा तास सोडनार नाय. चालत असंल तर बघा." धनेशला चाललं.

रंभा मूळची धसईच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. बाप देवजी उतारावर नाचणी-वरी करायचा, खाली खाचरात थोडंसं भात. चौथीनंतर त्यानं पोरीला मुरबाडच्या हॉस्टेलवर ठेवलं. तिथं दर रविवारी शाम सर यायचे. कल्याणला पोस्टात नोकरी करणारा हा बारकासा, चष्मेवाला माणूस स्वतःच्या हौसेनं एसटी पकडून यायचा आणि मुलींना कराटे शिकवायचा. पहिल्या रविवारी चाळीस मुली होत्या. दिवाळीनंतर नऊ उरल्या. दहावीपर्यंत टिकली ती एकटी रंभा.

सरांनी तिला सगळं शिकवलं, पण जीव लावला तो सांचिनवर. सांचिन हा एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम. मुळात चीनमधला, तिथून ओकिनावाच्या बेटावर गेलेला. त्याचा अर्थ तीन लढाया, असं सर सांगायचे: मनाशी, अंगाशी आणि श्वासाशी. बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. उड्या नाहीत, लाथा नाहीत. माणूस तीन पावलं पुढं जातो, वळतो, सावकाश ठोसे मारतो. मारताना सगळं अंग लाकडासारखं घट्ट, आणि श्वास मात्र चालू. ती करत असताना सर मागून खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर सपासप थापा मारायचे. हलली, की पुन्हा पहिल्यापासून.

"पाय जमिनीत गेले पाहिजेत," सर म्हणायचे.

"भात लावनारी हाय मी, सर," रंभा एकदा म्हणाली. "पाय रोवायचं नका सांगू मला."

सर त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसले होते.

मग कल्याणला परीक्षा होऊन काळा पट्टा मिळाला, सरांची बदली झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली. पोटुशी असताना ती नुसता श्वास आणि पावलं करायची. बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला त्याच दिवशी पुन्हा खळ्यावर उभी. खळ्याच्या कडेला तिनं सागाची फळी रोवून तिला काथ्या गुंडाळला होता. त्यावर ठोसे मारून मारून बोटांची पेरं इतकी जाड झाली, की बांगड्या भरणारी चंद्रकला हात दाबता दाबता रडकुंडीला यायची. ताप असो, लावणी असो, घरात कार्य असो, तास चुकला नाही. का करते, असं कुणी विचारलं तर तिला धड सांगता यायचं नाही. एवढंच म्हणायची, "तेवढा येळ मी कोनाची नसते."

पस्तिशीच्या आत-बाहेर तिला शहापूर तालुक्यातल्या एका संस्थेच्या शाळेत काम मिळालं. शाळेला जोडून मुलींचं वसतिगृह होतं. कराटे शिकवायचं, मानधनावर, दर जूनला नवी ऑर्डर. अशा नऊ ऑर्डरी झाल्या. कायम करण्याची फाइल संस्थेकडं पडून होती. मुलींना लाथा आवडायच्या, फोटोत छान दिसायच्या. सांचिनचा कंटाळा यायचा. नववीतल्या नम्रताला मात्र आला नाही.

नम्रताही डोंगराकडच्या एका पाड्यावरची, बोलायला कमी. वर्षभरात ती अशी उभी राहू लागली, की रंभा तिच्या खांद्यावर थाप मारायची आणि आपलाच तळहात चोळायची. शाम सरांना असंच वाटत असेल, असं तिच्या मनात यायचं.

नम्रता दहावीत असतानाची गोष्ट. जानेवारी महिना. वसतिगृहाचं धान्य सांभाळणारा स्टोअरकीपर हा संस्थेच्या सेक्रेटरींचा साडू. त्यानं चारच्या सुमारास नम्रताला तांदूळ मोजून घ्यायला बोलावलं आणि आतून कडी लावली. तिचा हात धरला. नम्रतानं कोपर मारलं. त्याच्या नाकाचं हाड मोडलं. ती कडी काढून बाहेर आली आणि सरळ मैदानावर, सतरंज्या गोळा करणाऱ्या रंभाकडं गेली.

"मॅडम, मी ओरडली नाय. आधी श्वास घेतला. मंग मारलं."

त्या क्षणी रंभाला काळजीच्याही आधी आनंद झाला. हे तिनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक खिडकीशी उभे होते, सेक्रेटरी खुर्चीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. सरावाच्या वेळी प्रात्यक्षिक दाखवताना अनवधानाने कोपर लागून दुखापत झाली. सदर विद्यार्थिनी तापट स्वभावाची असून सूचनांचे पालन करीत नाही.

"असं नाय झालं, साहेब," रंभा म्हणाली. "स्टोअरकीपरनं दार लावलं होतं."

"तुम्ही तिथं होतात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नव्हते."

"कुणी होतं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"हे बघा मॅडम," सेक्रेटरी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "माणसाचं हाड मोडलंय. तो पोलिसांत गेला तर पोरीचं दहावीचं वर्ष जाईल, शिवाय नाव होईल ते वेगळंच. अपघात म्हटलं की दोन्हीकडचं मिटलं. मी पोरीच्या भल्याचंच बोलतोय."

"मग ते दुसरं वाक्य काढा. तापट आहे ते."

"काढतो की. तुम्ही सही करून ठेवा, टायपिंगला परत देतो." मग म्हणाले, "तुमची फाइल याच आठवड्यात वर पाठवतोय."

कुणी दरडावलं असतं तर आपण उठून उभ्या राहिलो असतो, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं. पण कुणी दरडावलं नाही. चहात साखर जास्त होती. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं. तिनं सही केली.

ते वाक्य कुणी काढलं नाही. चौथ्या दिवशी नम्रताच्या आईला, गिरजाला, बोलावून घेतलं आणि त्याच कागदावर बोट ठेवून पोरीचा वसतिगृहातला प्रवेश रद्द केला. परीक्षेला बसता येईल, हॉलतिकीट इथून न्या, म्हणाले. गिरजा मैदानावर आली. तिच्या डोक्यावर पोरीची पत्र्याची पेटी होती.

"मॅडम, तुमी सांगा ना सरांना. तुमचं आयकतील."

"बघते मी," रंभा म्हणाली.

गळ्यात शिट्टी, समोर साठ मुली रांगेत. नम्रता फाटकाशी उभी होती. ती आत आली नाही, आणि पुढं हॉलतिकीट न्यायलाही आली नाही. स्टोअरकीपर पंधरा दिवसांनी कामावर रुजू झाला.

जूनमध्ये रंभाची कायमची ऑर्डर आली. धनेशनं कंपनीत पेढे वाटले. ऑर्डरसोबत तोंडी सूचनाही आली: कराटे बंद, आता खोखो आणि लेझीम घ्या. तिनं एकदाच धनेशपुढं विषय काढला. तो म्हणाला, "तू एकटी काय करनार होतीस? आणि आता आपल्या पोरांचं बघ." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

सकाळचा तास चालूच राहिला. अंगाला दुसऱ्या कशानं जाग येत नव्हती. पण पूर्वी त्या वेळात ती कुणाचीच नसायची; आता सेक्रेटरी, गिरजा, फाटकाशी उभी असलेली पोर, सगळे खळ्यावर येऊन बसायचे. एके दिवशी तिनं सागाची फळी उपटली आणि चुलीत घातली.

तीन वर्षं गेली. धनेश एकदा जेवताना म्हणाला, "तुझी ती नम्रता आमच्या बाजूच्या कंपनीत पॅकिंगला हाय." रंभाच्या हातातला घास तसाच राहिला. त्या आठवड्यात तिनं चार पानं लिहिली. जे झालं ते सगळं, तारखेसकट, आणि खाली स्वतःची सही. शनिवारी ती वाशिंदला कंपनीच्या गेटवर गेली.

जेवणाच्या सुट्टीत नम्रता बाहेर आली. निळा कोट, डोक्याला जाळी. एकोणीस वर्षांची, पण ओठांच्या कडा उतरलेल्या. तिनं ओळखलं, वाकून नमस्कारही केला.

"बरी हायेस?"

"बरी हाय."

"नम्रता, मी तेव्हा..."

"मला म्हाईत हाय, मॅडम," नम्रता म्हणाली. "कागद दाखवला होता मला. मी सरांना सांगत व्हती, मॅडमला इचारा, मॅडम खोटं नाय बोलनार. मंग त्यांनी कागद काढला."

रंभानं पिशवीतून चार पानं काढली. "हे सगळं खरं लिवलंय. मी पोलिसांत देते, वर साहेबांकडं देते. माझी नोकरी गेली तरी जाऊ दे. तू फक्त हो म्हन."

नम्रतानं पानं हातात घेतली नाहीत. आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माझं लगीन ठरलंय. त्यांना कायपन म्हाईत नाय. सरावात लागलं, एवढंच सांगलंय आईनं." तिनं डोक्यावरची जाळी सारखी केली. "आता खरं नका लिवू, मॅडम. आता तुमचं खोटंच बरं हाय."

रंभानं पानं परत पिशवीत घातली. भलतंच तोंडातून गेलं. "सांचिन करतेस का गो?"

"टाइम नाय," नम्रता म्हणाली. भोंगा वाजला. जाता जाता तिनं पुन्हा नमस्कार केला, शाळेत करायची तसाच, कमरेतून वाकून. त्यात टोमणा नव्हता. असता तर रंभाला ते सोपं गेलं असतं.

गेट बंद झालं तरी ती तिथंच उभी होती. वॉचमननं विचारलं, "कोन पायजे, बाई?"

"कोनी नाय," ती म्हणाली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.

रंभा मॅडम आजही उजाडताना खळ्यावर असतात. शाळेतल्या नव्या शिक्षिकेनं परवा कौतुकानं विचारलं, इतकी वर्षं काय करता हो तुम्ही? "व्यायाम," त्या म्हणाल्या, आणि खोखोचे खांब पुसायला घेतले.