जत्रा न भरलेल्या वर्षीचा ऑर्केस्ट्रा

आमचा ऑर्केस्ट्रा सांगलीचा. फार मोठा नव्हे, नऊ जणांचा. पण कराडखालच्या नदीकाठापासून वडूजच्या माळापर्यंत अशी काही गावं होती, जिथं जत्रेची तारीख ठरली की यात्रा कमिटीचा फोन आम्हालाच यायचा. माघापासून अक्षय तृतीयेपर्यंत आमचा हंगाम. दिवसा मी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचो, आणि हंगामात रात्री स्टेजवर निवेदन करायचो. दोन्हीकडं काम बोलण्याचंच.

ऑर्केस्ट्रा अण्णांचा. अण्णा सांगलीजवळच्या एका गावातले जैन शेतकरी. ऊस, थोडी हळद, आणि बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान. तरुणपणी कुणाकडून तरी जुना ॲकॉर्डियन घेतला आणि स्वतःच शिकले. मी त्यांच्याबरोबर लागलो तेव्हा ते पन्नाशीत होते. कार्यक्रम कितीही लांबचा असला तरी त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. पुढं मध्यरात्रीपर्यंत ते तोंडात काही न घालता उभ्यानं वाजवायचे. गावकरी जेवणाचा आग्रह करायचे. अण्णा हात जोडून म्हणायचे, "आमचं झालंय. ह्या पोरास्नी वाढा."

करोनाच्या पहिल्या वर्षी आमचा हंगाम मध्येच तुटला. आठ-दहा तारखा हातात होत्या, त्या सगळ्या गेल्या. सगळं जगच थांबलं होतं, त्यामुळं आम्हीही निमूट बसलो. दुसऱ्या वर्षी मात्र माघ उजाडला तसे फोन पुन्हा सुरू झाले. लोक म्हणत, यंदा जत्रा होणार. आम्ही तालमी चालू केल्या. आणि फाल्गुन सरता सरता रुग्ण वाढले, यात्रा भरवायला बंदीचे हुकूम निघाले. एकामागोमाग एक कमिट्यांनी कळवलं, यंदाही फक्त पुजारी आणि चार मानकरी, बाकी काही नाही.

त्या आठवड्यात अण्णांनी आम्हाला फोनवर एकत्र घेतलं. अण्णा म्हणाले, "जत्रा भरणार न्हाई, कबूल. पण तारीख तर येणारच की. त्या तारखेला त्या गावाला गाणं ऐकवायचं. हितनं, फोनवरनं. कसं करायचं ते बाईस्नी इचारा."

बाई म्हणजे आमच्या गायिका. मिरजेच्या एका शाळेत त्या मराठी शिकवत. वर्षभर ऑनलाइन तास घेऊन त्या या कामात तरबेज झाल्या होत्या. आमच्यात त्यांच्याशिवाय कुणालाच त्यातलं कळत नव्हतं.

पहिला प्रयत्न आम्ही बाईंचं न ऐकता केला. सगळ्यांनी आपापल्या घरी वाद्यं घेऊन बसायचं आणि व्हिडिओ कॉलवर एकदम वाजवायचं. बाईंनी आधीच सांगितलं होतं की आवाज पोचायला वेळ लागतो, जमणार नाही. जमलं नाहीच. ढोलकी अर्ध्या मात्रेनं मागं, कीबोर्ड पुढं, आणि अण्णा मध्येच थांबून विचारतायत, "कोण धावतंय?" वीस वर्षं एकत्र वाजवणारी माणसं एकमेकांना सापडेनात. दोन मिनिटांतच सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली.

मग बाईंनी त्यांची रीत सांगितली. आधी अण्णांनी एकट्यानं गाणं वाजवून रेकॉर्ड करायचं. ते प्रत्येकाला पाठवायचं. प्रत्येकानं ते कानात ऐकत आपापला भाग वाजवायचा आणि बाईंकडं धाडायचा. बाई ते एकावर एक बसवणार. फक्त एक अट होती. लय हलू नये म्हणून अण्णांनी कानात टिकटिक लावून वाजवायचं.

अण्णांना ते फार जड गेलं. आयुष्यभर ते लोकांकडं बघून वाजवत आले होते. लोक रंगले की लय चढवायची, म्हातारी माणसं पुढं बसली असली की जरा निवांत घ्यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी कानातलं काढून ठेवलं. "बाई, हे घड्याळ माज्या गाण्यात बसत न्हाई."

बाई म्हणाल्या, "अण्णा, वडूजकडं बसलेल्या ढोलकीवाल्यानं तुमच्याकडं बघायचं कसं? त्याला तुम्ही दिसणार नाही. ही टिकटिक म्हणजे तुमची मान हललेली."

पुढचे आठ दिवस अण्णांनी दुकानाच्या मागच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ त्या टिकटिकीवर सराव केला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याचं नाव घेऊन लोक आपल्या पोरांना वाजवायला शिकवायचे, तो नवशिक्यासारखा एक-दोन-तीन-चार मोजत बसला. मी एकदा पोती उतरवायच्या वेळी दुकानात गेलो होतो. आतून आवाज येत होता. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दहा-बारा वेळा. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ होता. मला म्हणाले, "आता जरा ओळख व्हाय लागलीय त्या घड्याळाची."

रेकॉर्डिंगला शांत जागा हवी होती. मिरजेत अण्णांच्या ओळखीचे एक तंबोरे बनवणारे कारागीर होते, त्यांनी आपल्या कामाची खोली दिली. तिथं पहिल्या दिवशी एक गंमत झाली. अण्णा वाजवून थांबले तरी रेकॉर्डिंगमध्ये मागं काहीतरी गुणगुणत राहायचं. पंखा बंद केला, दिवे बंद केले, तरी तेच. शेवटी बाईंना दिसलं, की भिंतीला टेकवून ठेवलेले तारा चढवलेले तंबोरे ॲकॉर्डियनच्या सुरानं आपले आपणच वाजत होते. कारागिरानं प्रत्येकाच्या तारांवर फडकं गुंडाळलं. अण्णा त्यांच्याकडं बघत म्हणाले, "ऐकणारं कोण न्हाई म्हणत होतो व्हय मी?"

आमच्यातला ट्रम्पेटवाला लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला. ताठ माणूस, बोलणं कमी, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. आमचं शेवटचं गाणं त्याचं होतं. त्यात मधोमध एक लांब तुकडा फक्त ट्रम्पेटचा, आणि तो सुरू झाला की जत्रेत लांब पाळण्यांपाशी गेलेली माणसंसुद्धा स्टेजकडं वळायची. पहिल्या कार्यक्रमाला चार दिवस होते आणि त्याच्या बायकोचा फोन आला. त्याला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं, ऑक्सिजन लावला होता.

कीबोर्डवाल्यानं सुचवलं, ट्रम्पेटचा आवाज कीबोर्डमध्ये आहे, तो तुकडा मी वाजवतो. त्याचं काही चुकत नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. अण्णा म्हणाले, "नको. ती जागा त्येची हाय. रिकामी ऱ्हाऊ दे. नुसती ढोलकी चालू दे तेवढा वेळ."

तसंच केलं. पहिला कार्यक्रम कराडखालच्या गावाचा होता. त्यांच्या जत्रेच्याच दिवशी, संध्याकाळी सात वाजता. गाणी आधीच तयार होती, निवेदन तेवढं मी थेट करायचं. घरातल्या खोलीत भिंतीला चादर लावून, फोन स्टँडवर ठेवून मी बसलो. ग्रामदैवताचं नाव घेऊन सुरुवात केली, नेहमीचा विनोद टाकला आणि थांबलो. समोर काहीच नाही. हजार माणसांच्या हशाची सवय असलेला मी त्या शांततेत पार गडबडलो. पुढच्या गाण्याचं नावच विसरलो.

कार्यक्रम कसाबसा संपला. मी बाईंना म्हणालो, "माझ्याच्यानं हे होणार नाही. दुसरं कुणी बघा."

त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात तीनच मुलं कॅमेरा चालू ठेवायची. बाकी सगळा काळा पडदा. मी त्या तिघांनाच शिकवायची. तुम्ही एक माणूस धरा आणि त्याच्याशी बोला."

मी माणूस शोधायला लागलो आणि तो मला आलेल्या निरोपांत सापडला. जत्रेत लोक चिठ्ठ्या पाठवतात, अमक्याच्या वतीनं तमकं गाणं. इथं ते फोनवर येत होते. दुसऱ्या गावाच्या कार्यक्रमाआधी एक निरोप आला. त्या गावचा एक सुभेदार सीमेवर होता. त्यानं लिहिलं होतं, "भरती झाल्यापास्नं गावची जत्रा बघितली न्हाई. कवा रजा मिळत न्हाई, कवा मिळाली तर जत्रा होऊन गेल्याली असती. यंदा पहिल्यांदा बघणार हाय. माझ्या आईसाठी एक गाणं लावा, ती घरी ऐकत आसंल."

त्या दिवशी मी फक्त त्याच्याशी बोललो. आधी त्याच्या गावच्या सरपंचाला फोन करून विचारून घेतलं होतं. त्यावरून त्याला सांगितलं, सकाळी पालखी देवळाभोवतीच फिरली, चारच भोई होते, पिंपळाला नवी पालवी आलीय. मग त्याच्या आईचं गाणं लावलं. विनोद केला आणि कुणी हसण्याची वाट बघितली नाही. त्यानंतर प्रत्येक गावाच्या वेळी मी आधी असं गावात फोन करून विचारून घ्यायचो. पुढं पुढं परगावच्या लोकांचे इतके निरोप यायला लागले, की सगळे वाचायला वेळ पुरेना. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी सुरतेला, कुणी सोन्याच्या कारागिरीला केरळात. त्यांच्यासाठी ही जत्रा बुडालेली नव्हती. उलट, पहिल्यांदाच घडत होती.

वडूजच्या बाजूला आमच्या ढोलकीवाल्याचं स्वतःचं गाव होतं. त्याच्या घरात रेंज नाही. सगळे तुकडे तो ज्वारीचं रान ओलांडून टेकाडावर जाऊन पाठवायचा, एकेक तुकडा जायला अर्धा तास. त्याच्या गावचा दिवस आला तेव्हा कमिटीनं डोकं लढवलं. माणसं जमवायची नाहीत, पण टेकाडावरच्या देवळाचा कर्णा लावायला काय हरकत? त्यांनी फोन त्या कर्ण्याला जोडला, आणि सगळं गाव आपापल्या अंगणात, गच्चीवर, गोठ्यापुढं बसून ऐकत राहिलं.

कार्यक्रम झाल्यावर त्याचा मला फोन आला. "आवं, एक सांगू का? वीस वर्सं झाली वाजवतोय, पण आपला ऑर्केस्ट्रा मी कवा समोरनं ऐकलाच न्हवता. आज अंगणात बाजंवर बसून ऐकला."

"मग, कसा वाटला?"

"अण्णा लय भारी वाजवतात हो." मग म्हणाला, "आन मी लय घाई करतो की. कुणी सांगितलं कसं न्हाई मला?"

मी म्हणालो, "आम्हाला तीच सवय झाली होती." तो खूप वेळ हसत होता. पुढच्या गावांच्या गाण्यांत त्याची ढोलकी खरोखर निवांत झाली. बाईंनी तर त्यानं पाठवलेल्या पहिल्या तुकड्यातच ओळखलं.

प्रत्येक कार्यक्रमात शेवटचं गाणं व्हायचं आणि त्यात ती रिकामी जागा यायची. नुसता ठेका चालू राहायचा. दुसऱ्या गावापासून लोक विचारायला लागले, ट्रम्पेट कुठाय? अण्णांनी मला सांगितलं, खरं ते सांग, नाव न घेता. मी सांगितलं की आमचा माणूस आजारी आहे, त्याची जागा आम्ही राखून ठेवली आहे. त्यावर इतक्या लोकांनी त्याची चौकशी केली, की बाईंनी ते सगळे निरोप एकत्र करून त्याच्या बायकोला पाठवले. तिनं ते त्याला दवाखान्यात वाचून दाखवले, असं तिनंच नंतर सांगितलं.

तो घरी आला तेव्हा चैत्र संपत आला होता. वजन उतरलेलं, दोन जिने चढला तरी बसावं लागायचं. डॉक्टरांनी फुंकायला सक्त मनाई केली होती. अण्णा त्याला फोन करायचे, पण वाजवण्याचा विषय कधी काढायचे नाहीत. उसाची लागवड, दुकानातले भाव, असलं काहीबाही बोलायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "त्येला म्हाईत हाय त्येची जागा हाय ती. मी कशाला सांगू?"

शेवटचा कार्यक्रम अक्षय तृतीयेचा. त्याच्या दोन दिवस आधी बाईंकडं एक रेकॉर्डिंग आलं, सोबत काहीच लिहिलेलं नव्हतं. ट्रम्पेटचा तुकडा होता तो, पण पूर्ण नव्हे. चार ओळींतली पहिली एकच ओळ. डॉक्टरांची परवानगी त्यानं मिळवली होती, तेवढ्याच एका ओळीची. सूर पूर्वीसारखा भरलेला नव्हता. मध्ये एका ठिकाणी श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू येत होता. बाईंनी अण्णांना विचारलं, तो श्वासाचा आवाज काढून टाकू का, सहज काढता येतो.

अण्णांनी तो तुकडा तीन-चारदा ऐकला. म्हणाले, "असू दे. श्वास घेतोय ते ऐकू देत लोकास्नी."

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी ती ओळ वाजली तेव्हा मी माइकपाशीच होतो. उरलेल्या रिकाम्या जागेत तो घरी आल्याचं मला सांगायचं होतं, पण मी माइक बंद केला आणि ढोलकी संपेपर्यंत लोकांबरोबर ऐकत बसलो. कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या वर्षी जत्रा भरल्या. गर्दी पहिल्यापेक्षा जास्तच होती. ट्रम्पेटवाला आता पूर्ण तुकडा वाजवतो, दोन ठिकाणी श्वास घेऊन. अण्णा सत्तरी ओलांडून गेलेत आणि खुर्चीवर बसून वाजवतात. पण आमचे कार्यक्रम पहिल्यासारखे राहिले नाहीत, कारण पहिल्याच गावच्या कमिटीनं अट घातली, की फोनवरचंही चालू ठेवायचं, पोरं लांब आहेत. स्टेजच्या डाव्या अंगाला बाई फोनचा स्टँड लावतात. पुढं बसलेल्या माणसांशी बोलता बोलता मी मधूनच तिकडं वळतो आणि जे आले नाहीत त्यांना गावची खबर सांगतो.