सगळ्या पोट्ट्यायले आलं पाहिजे!

माझा नवरा बँकेत आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखा किस्सा वर्षातून एखादा घडतो, आणि तोही बहुतेक सर्व्हर बंद पडल्याचा! माझ्याकडे मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंतच दोन-तीन जमलेले असतात. संध्याकाळी घरी आले, चहा ठेवला आणि "अरे, आज काय झालं..." म्हटलं की तो हात जोडतो. म्हणतो, "थांब, कालचा अजून हसून व्हायचाय!"

मी मास्तरीण. अमरावतीजवळ, नांदगाव पेठच्या पलीकडे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत. निम्म्या पोरांच्या घरी शेती, संत्र्याची झाडं. उरलेल्यांचे आईवडील एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात पाळीवर जातात. माझं माहेर पातूरचं, तेही वऱ्हाडातलंच, त्यामुळे पोरांचं बोलणं मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या खोलीत पाचवीला इंगळे सर. मधल्या दारातून ते माझ्या वर्गात इतके येतात की पोरं त्यांना आमच्याच वर्गाचे समजतात. आणि आमच्या सगळ्यांवर तायडे मॅडम, मुख्याध्यापिका.

यंदा जूनमध्ये पहिल्याच मीटिंगला तायडे मॅडमनी टेबलावर हात आपटला. "यावर्षी एकही पोरगं मागं राहाले नको. सगळ्या पोट्ट्यायले आलं पाहिजे! हुशार पोट्टे हात वर करते अन् आपण पुढं जातो, हे बंद!"

इंगळे सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, सगळ्यायले म्हणजे... आपल्यालेही का?"

तिथून सुरुवात झाली.

*

वर्षभरात काय काय यायला हवं, त्याला आमच्या भाषेत अध्ययन निष्पत्ती म्हणतात. शब्द ऐकूनच पोरगं पळून जाईल! म्हणून मी ते सोपं करून मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि भिंतीवर लावलं. ‘मला हातच्याची वजाबाकी येते.’ ‘मी नवीन धडा न अडखळता वाचतो.’ असं बरंच.

सगळ्यांनी वाचलं. प्रणाली तेवढी उभीच राहिली. चौथीतली, वेणीला कायम एकच रिबन, कारण दुसरी कुठं तरी पडलेली.

"मॅडम, हे खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"इथं लिहलं, मला वजाबाकी येते. मले कुठी येते? तुमाले तं माहीत हाय!"

मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या टेबलावरचा स्केचपेन उचलला आणि ‘येते’च्या पुढं ठसठशीत लिहिलं: ‘नाही’. खाली स्वतःचं नाव. मी बघत होते तोवर मागं रांग लागली! ज्याला जे येत नव्हतं, त्याच्यापुढं तो ‘नाही’ लिहून सही ठोकत होता. माझा सुंदर तक्ता पाच मिनिटांत मतदारयादीसारखा दिसायला लागला.

मधल्या दारातून इंगळे सर आले. वरपासून खालपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता हसतील.

"मॅडम," ते म्हणाले, "लेकरायनं आपली परीक्षा स्वतःच घेतली न! पेपर तपासाचंही काम नाई ठेवलं!"

नियम पोरांनीच ठरवला. ज्याला आलं, त्यानं सगळ्यांसमोर करून दाखवायचं आणि आपलं ‘नाही’ खोडायचं. त्या दिवसापासून माझ्या मागं एकच भुणभुण: "मॅडम, माहं आज खोडू का?" सुट्टीत डबा सोडून पोरं वजाबाक्या करायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय!

*

हातच्यावर अडलेला दुसरा गडी म्हणजे अरमान. तिसरीतला. बाकी सगळं झटपट, पण हातचा म्हटलं की पेन्सिल खाली.

मी समजावत होते, "एककाजवळ कमी पडले, म्हणून तो शेजारच्या दशकाकडून घेतो."

"नाई घ्याचा," अरमान म्हणाला.

"का रे?"

"अम्मी म्हणते, शेजाऱ्यायले काही मांगू नोको. मंग ते नाव ठेवते."

आता यावर कोणतं प्रशिक्षण घेतलंय मी! पुस्तकात याचं उत्तर नाही. रात्रभर तो शेजारी माझ्या डोक्यात. सकाळी वर्गात गेले आणि म्हटलं, "अरमान, काल मी चुकीचं सांगितलं. दशक शेजारी नाही. दशक मोठा भाऊ आहे. लहान्याकडे कमी पडलं की मोठा भाऊ देतो."

"वापस मांगत नाई?"

"नाही."

अरमाननं पेन्सिल उचलली. एक गणित बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर! वर्गात टाळ्या. अरमानचा चेहरा असा फुलला की काय सांगू!

तेवढ्यात चौथीच्या रांगेतून त्याचा खराखुरा मोठा भाऊ इमरान कळवळून उठला, "मॅडम, याले असं काही शिकवू नका न! हा आजपासून माहा डबा खाईन!"

*

तायडे मॅडमचा किस्सा छोटा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ज्याला एखादी गोष्ट आली तो कोपऱ्यात बसून दुसऱ्यांना शिकवेल, अशी सोय मी केली होती. त्यामुळे आवाज फार. ऑफिसपर्यंत जायचा. एक दिवस मॅडम तावातावानं दारात आल्या. खोलीत चार कोपरे, चार मास्तर, नुसता कल्ला.

"हे काय चालू हाय?" म्हणत त्या थेट प्रणालीच्या कोपऱ्याकडं गेल्या.

प्रणालीनं मानही वर केली नाही. "लाईनीत या," म्हणाली.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मॅडम लाईनीत उभ्या होत्या! अरमानच्या मागं!

*

गुडिया बिहारची. वडील कापडाच्या कारखान्यात लागले म्हणून दिवाळीनंतर आली. मराठीचं अक्षर कानावर पडलेलं नाही. मी हिंदीत बोलायचे, ती मान हलवायची. तोंडातून शब्द नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी चित्रं दाखवली, वस्तू दाखवल्या, गाणी म्हटली. ती सगळं मोठ्या डोळ्यांनी बघायची आणि गप्प.

मी तिला अरमानशेजारी बसवलं, कारण तो गप्प बसतच नाही. प्रणालीला सांगितलं, खेळायला हिला रोज घ्यायचं. आणि वाट बघत बसले. खरं सांगू, वाट बघणं हे सगळ्यात अवघड काम. रोज वाटायचं, आज बोलेल. घरी गेले की नवरा आधी तेच विचारायचा, "बोलली का?"

मग एक दिवस मधल्या सुट्टीनंतर सगळे वर्गात घुसत होते. दारात ही गर्दी! इमराननं मागून रेटलं. आणि खणखणीत आवाज आला, "काहून बे? मले काहून ढकलून राहिला?"

सगळे जागच्या जागी थांबले. गुडिया कमरेवर हात ठेवून उभी होती!

जो कल्ला झाला! पोरं उड्या मारताहेत, प्रणालीनं तिला मिठी मारली, ज्याला बोलणी बसली तो इमरानसुद्धा टाळ्या वाजवतोय. माझ्या डोळ्यांत पाणी.

इंगळे सर मधल्या दारात हात बांधून उभे. "मॅडम," ते म्हणाले, "लिहा, तोंडी परीक्षा पास. प्रश्न विचाराले आलं, क्रियापद आलं, अन् गावाची ओळखही झाली!"

*

अपूर्णांक शिकवायचे होते. मी म्हटलं, खडूनं गोल काढून काढून कंटाळा आला, आता खरंखुरं काही तरी वाटू. प्रणालीच्या बाबांनी शेतातली संत्री पाठवली, पिशवी भरून. दोघांत एक संत्रं. सोला, फोडी मोजा, अर्ध्या-अर्ध्या करा. अर्धा म्हणजे काय ते जिभेला कळेल!

बेत फार छान होता. पण संत्र्याला कुणी पाठ्यपुस्तक दाखवलेलं नव्हतं.

"मॅडम, आमच्या संत्र्याले अकरा फोडी हायेत!" अरमान ओरडला. "अकराचं अर्धं कसं कराचं?"

गुडिया म्हणाली, "पाच माह्या, पाच त्याच्या." मग दोघंही उरलेल्या फोडीकडं बघायला लागले. अरमानचं म्हणणं, मी सोललं, ती माझी. गुडियाचं म्हणणं, मी मोजल्या, ती माझी. बघता बघता आवाज चढले. मी म्हणणार, तिचे दोन तुकडे करा, म्हणजे नेमकं मला शिकवायचं होतं तेच होईल. केवढी सुंदर संधी!

तेवढ्यात इंगळे सर आले, ती फोड उचलली आणि तोंडात टाकली. "घ्या. आता करा अर्धं!"

मी कपाळावर हात मारला. अख्खा धडा गिळला माणसानं!

अरमान सरांच्या पोटाकडं बघत विचार करत होता. भागाकार त्याला महिनाभर समजत नव्हता. बाकी उरते म्हणजे काय उरते, कुठं उरते, हेच त्याचं कोडं. एकदम तो टुणकन उडाला, "आलं! आलं मॅडम! दोघायनं वाटली, पाच-पाच आली, अन् बाकी सरांच्या पोटात गेली!"

*

वेदांत वर्गातला सगळ्यात उंच, म्हणून शेवटच्या रांगेत. तोंडी सगळं येतं, पण फळ्यावरचं उतरवायला सांगितलं की भलतंच लिहायचा. मी त्याला पुढं बसवलं, तर थोडं सुधारलं. आरोग्य तपासणीची गाडी आली, त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, याला चष्मा हवा. चांगला जाड.

त्याचे वडील त्याला अमरावतीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वेदांत चष्मा घालून शाळेत. निळी फ्रेम. पोरांनी गराडा घातला. त्यानं फळा वाचला, शेवटच्या रांगेतून! मग भिंतीवरचा तक्ता वाचला. मग खिडकीबाहेरच्या टेम्पोवरचं नाव वाचलं. थांबायलाच तयार नाही!

इतक्यात मधल्या दारात इंगळे सर. त्यांच्या मिशा अशा भरघोस की लांबून नुसत्या मिशाच दिसतात. वेदांत त्यांच्याकडं टक लावून बघत राहिला.

"काय रे, काय पाहून राहिला?" सर म्हणाले.

"सर," वेदांत हळूच म्हणाला, "मले वाटे तुमी कायम रागावूनच राहता. तुमी तं हासून राहिले!"

सर आपल्या वर्गात परत गेले आणि मधलं दार त्यांनी पहिल्यांदाच लावून घेतलं.

*

आता कार्तिकचं सांगते.

कार्तिक चौथीतला. त्याचं बोलणं अडतं. पहिलं अक्षर ओठावर येतं आणि तिथंच अडकून बसतं. मनात वाचतो, विचारलं तर उत्तर लिहून देतो, अगदी बरोबर. सगळ्यांबरोबर एका सुरात वाचायला लागला तर झऱ्यासारखा वाहतो. एकट्याला उभं केलं की संपलं.

फेब्रुवारीत पडताळणी होती. बाहेरून साहेब येणार, कुठल्याही पोराला उभं करणार, न शिकवलेला धडा मोठ्यानं वाचायला लावणार. दुसऱ्या शाळेतल्या एका ओळखीच्या बाईंनी मला फोनवर सांगितलं, "त्या दिवशी त्याले घरीच ठेव न. ताप आला म्हणाव." मी तायडे मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "कार्तिक नाई आला, तं मीही येत नाई!"

कार्तिक आला. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून.

साहेब उंच, कमी बोलणारे. वाचनाचं एकच पुस्तक त्यांनी दोन्ही वर्गांतल्या पोरांना वाटलं. त्यांनी दोघातिघांना वाचायला लावलं. छान वाचलं. मग हातातल्या पुस्तकाचं मागचं पान उघडलं आणि बोट नेमकं कार्तिककडं! "तू वाच. बाकीच्यांनी पुस्तकात बघा."

कार्तिक उभा राहिला. कासवाचा धडा होता.

"वि... वि... वि..."

पुढं सरकेना. मान ताठ झाली, डोळे मिटले. "वि... वि..." साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. मी बोलू शकत नव्हते, तसा नियमच होता. दाराशी तायडे मॅडम, मधल्या दारात इंगळे सर.

आणि पुढच्या रांगेतून, पुस्तकातून मान वर न करता, प्रणालीनं हळूच सुरू केलं, "विहिरीत एक कासव राहत होतं..."

शेजारून गुडिया. मग अरमान, इमरान. मागून वेदांत. बघता बघता सगळा वर्ग! आणि त्या आवाजात कार्तिकचा आवाज, मला ऐकू येत होता, स्पष्ट!

"थांबा, थांबा!" साहेबांनी हात वर केला. "मला फक्त याचं ऐकायचंय."

मागची रांग थांबली. अरमान थांबला. गुडिया थांबली. सगळ्यात शेवटी प्रणाली.

एक आवाज थांबला नाही.

"...कासवानं पाण्यातून डोकं वर काढलं. काठावर एक ब... ब... बगळा बसला होता. कासव म्हणालं, मला बाहेर यायचंय..."

एकटा! अडत होता, थांबत होता, पुन्हा निघत होता. पोरांची बोटं आपापल्या पुस्तकात त्याच्या शब्दांबरोबर सरकत होती. उतारा संपला. साहेबांनी पेन उचललं. "शाब्बास! पुरे आता. बस बेटा."

कार्तिक बसला नाही. त्यानं पान उलटलं.

"थां... थांबा न सर! कासव अजून भाईर नाई आलं!"