भूक कोणी विचारली?

सोळावी पुरी ताटात पडली आणि नाना ओरडले, "भरा रे ट्रॉली!"

ट्रॉली म्हणजे मी. रावेरजवळ नानांचं केळीचं पॅकिंग होतं, तिथे मी काट्यावर बसून वजनं लिहायचो. माझं स्वतःचं वजन तेव्हा एकशे एकोणीस किलो. थंडीतली भरीत पार्टी होती, नानांच्या मळ्यात, भर दुपारी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, धूर अजून विरला नव्हता, आणि सतरंजीवर दिल्लीचे व्यापारी बसलेले. मला काट्यावरून उठवून खास बोलावून आणलं होतं. जेवायला नाही. जेवून दाखवायला.

"भाईसाब, ये अकेला खाएगा?" एका व्यापाऱ्याने विचारलं.

"अकेला," नाना म्हणाले. "देखते जाव."

मी सतरावी उचलली. भरितातलं तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं. एकाने मोबाइल माझ्या तोंडाशी आणला, इतका जवळ की मला त्यात माझेच हलणारे गाल दिसत होते. नाना स्वतः उठले, वाढणाऱ्याच्या हातातलं पातेलं घेतलं आणि भरिताचा गोळा माझ्या ताटात आपटला. अर्धा शर्टावर उडाला. सगळे हसले. मीही हसलो, तोंड भरलेलं असताना, आणि तोंडातलं बाहेर आलं. त्यावर आणखी हसले. मी ते बोटाने पुसून परत तोंडात घातलं.

आज हे आठवलं की शिसारी येते. त्यांची तर येतेच. पण आधी माझी येते.

माझा बाप नानांच्या वडिलांकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मी बारावी झालो म्हणून मला खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाली म्हणजे आपण वेगळे झालो असं मला वाटायचं. येडाच होतो. सहा महिने झाले नसतील, एक भरलेली गाडी मी नानांना न विचारता सोडली. नानांनी सगळ्या मजुरांसमोर वही माझ्या तोंडावर फेकली.

"सालदाराची औलाद! खुर्चीवर बसवलं तर मालक समजायला लागला का स्वतःला?"

मी खाली वाकलो. वही उचलली, धूळ झटकली. दुपारी डबा उघडला, चार भाकरी होत्या, चारही खाल्ल्या. मग शेजारच्या हमालाने अर्धी भाकर बाजूला ठेवली होती, तीही मागून घेतली. चव काही लागत नव्हती. नुसता कोंबत होतो. नाना तिथून चालले होते, ते थांबले.

"बघा रे," म्हणाले, "एवढ्या शिव्या खाल्ल्या, तरी याचं पोट भरलं नाही!" आणि खो खो हसले. माझ्या पाठीवर थाप मारली.

तिथेच मी फसलो. हसणारा मालक शिव्या देत नाही, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. पुढच्या पंगतीला त्यांनी "अजून एक" म्हटलं, मी घेतली. मग दोन. मग दहा. नाव पडलं. पाहुणा कोणीही येवो, आमदाराचा माणूस असो की बँकेचा साहेब, ट्रॉलीला हाक जायची. मला त्यात मान वाटायचा, हे लिहितानाही लाज वाटते. पण वाटायचा. एवढ्या मोठ्या लोकांत मला नावाने बोलवत होते, असं मी बायकोला सांगितलंय. नाव कसलं, ते सांगितलं नाही.

आणि जे लोकांसमोर खायचो ते काहीच नाही. खरं खाणं मागे चालायचं. पॅकिंगच्या शेडमागे गाळलेल्या केळीचा ढीग असायचा. डाग पडलेली, दबलेली, काळी पडून पाणी सुटलेली. कोणी टोचून बोललं, कोणी पोटाला बोट लावलं, की मी लघवीच्या निमित्ताने मागे जायचो. उभ्या उभ्या डझनभर केळी घशात घालायचो. सालीवर चिलटं बसलेली असायची, ती फुंकरीने उडवायची आणि खायचं. हाताला चिकट, ओठाला चिकट, आंबूस वास. खाऊन झालं की राग बसायचा. तासाभराने पुन्हा उठायचा. घरी जाताना शेवेची पुडी, वेफर्सची पुडी, गाडीच्या डिकीत. बायकोला एकदा त्या सापडल्या. रिकाम्या, तेलकट, चुरगाळलेल्या, वीसेक तरी.

"तुम्हाला या घरात कुणी उपाशी ठेवतं का हो?" ती म्हणाली.

मी तिच्यावर खेकसलो. मालकावर खेकसायची ताकद नव्हती, म्हणून तिच्यावर.

मग उन्हाळ्यात आई गेली. तेराव्याला आमच्याकडे गंधमुक्ती म्हणतात. गल्लीत मांडव टाकला, वरण-बट्टी केली. नाना पाच माणसं घेऊन आले. सालदाराच्या दारात नाना आले म्हणून लोक उठून उभे राहिले. मी मुंडण केलेलं डोकं घेऊन पंगतीत तूप वाढत फिरत होतो.

"बस की ट्रॉली," नाना म्हणाले. "म्हातारीच्या नावाने होऊन जाऊ दे. किती होतात बघू."

मामा, आईचा सख्खा भाऊ, हळूच म्हणाला, "नाना, आजच्या दिवस नको."

नानांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मी बसलो. माझ्या आईच्या गंधमुक्तीला, आईच्या फोटोला हार घातलेला समोर दिसत असताना, मी बसलो आणि अकरा बट्ट्या खाल्ल्या. नानांच्या माणसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग कुठे बसलोय ते आठवून थांबले. पंगतीतल्या बाकी सगळ्यांनी माना ताटात घातल्या होत्या.

घरामागे जाऊन मी ओकलो. तूप, वरण, बट्टी, सगळं. बायको तिथे येऊन उभी राहिली. पाठीवरून हात फिरवला नाही. तिने फिरवायलाही नको होता.

"आईंच्या नावाचा घास होता तो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

थू माझ्या जिंदगीवर. असं म्हणायचो मी रोज, आणि परत शेडमागे जायचो. आठ दिवसांनी तिथे मला अक्काने पकडलं. अक्का धुळ्याकडची, पॅकिंगवर हौदात केळीच्या फण्या धुवायची, साठीची असेल. तिने माझ्या हातातलं काळं केळं पाहिलं, खाली पडलेल्या साली पाहिल्या. हसली नाही.

"खरं सांग रे भाऊ," ती म्हणाली, "तुले भूक लागेल शे का?"

हातातलं केळं खाली घेतलं. मी पोटाकडे लक्ष दिलं. भूक नव्हतीच. सकाळी नानांच्या मुलाने माझ्या खुर्चीचा हात तुटल्यावरून चार लोकांत खिल्ली उडवली होती, ती होती. ती घशात अडकली होती आणि मी तिच्यावर केळी लोटत होतो. अकरा वर्षं मी भूक म्हणून जे खात होतो तो सगळा अपमान होता. मला तिथेच रडू फुटलं. अक्का हात पुसत निघून गेली.

त्या दिवसापासून घास उचलायच्या आधी मी स्वतःला तोच प्रश्न विचारायला लागलो. सोपं नव्हतं, बाबा. रडकुंडीला यायचो. राग आला की शेडमागे न जाता सातपुड्याकडच्या रस्त्याने चालायला लागायचो, शिव्या देत, एकटाच, मोठ्याने. ट्रॅक्टरवाले वळून बघायचे. सरकारी दवाखान्यात साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. कितीदा तरी मोडलं. दिवाळीत तीन दिवस नुसता खात सुटलो, मग चौथ्या दिवशी पुन्हा भाकर मोजून घेतली. थंडीपर्यंत चौदा किलो उतरलो होतो.

थंडी आली तशी भरीत पार्टी आली. तोच मळा, दुसरे व्यापारी. मला बोलावणं आलं. ताट मांडलेलं होतं, पुऱ्यांची चळत लावलेली, दोन मोबाइल तयार.

"मला भूक नाही, नाना," मी म्हणालो.

"भूक कोणी विचारली?" नाना म्हणाले. "खा म्हटलं ना."

खरंच की. कोणी विचारलीच नव्हती. बापालाही विचारली नसेल. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती, घरभाडं दिसत होतं. तरी मी वाकलो, ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुम्ही जेवा, नाना. आज आम्ही बघतो."

कोणी हसलं नाही. नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"तुझ्या बापाने आमचं मीठ खाल्लंय," ते म्हणाले.

"खाल्लं. राबून खाल्लं."

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरा माणूस होता. मला गाडीत केळीची खोकी भरायला लावली. महिनाभर भरली, खांदे सोलून निघाले. मग मीच काम सोडलं आणि बिऱ्हाड भडगावला हलवलं. इथे एका कापसाच्या जिनिंगवर काट्यावर आहे. वजन आता चौऱ्याऐंशी. साखर आहेच. अजूनही कोणी वाकडं बोललं की हात आधी खायला शोधतो. ती खोड अजून पुरती सुटलेली नाही.

मागच्या आठवड्यात नानांचा माणूस इथे आला. गोड बोलत होता.

"नानांनी बोलावलंय. झालं गेलं विसरा म्हणाले. यंदा पार्टीला या. तुमचा जुना व्हिडिओ आहे आमच्याकडे, तो लावायचा आणि मग तुम्हाला उभं करायचं. आधीचा आणि आताचा. पाहुण्यांना मजा येईल. नाना सगळ्यांना सांगतात, माझ्याच धाकाने बारीक झाला म्हणून."

मी वजनाची वही मिटली. जाड होतो तेव्हा तमाशा, बारीक झालो तरी तमाशा. घाम माझा, चालणं माझं, रडणं माझं, आणि तेही यांना ताटात वाढून हवंय.

मी त्याला सांगितलं, "नानांना निरोप दे. त्या दिवशी भूक नाही म्हणालो, ते फार मऊ बोललो. आता भुकेने मरत असलो तरी तुमच्या मळ्यात घास घेणार नाही. आणि हे अंग तुमच्या तमाशाला उभं करणार नाही. जाडही नाही, बारीकही नाही. व्हिडिओ लावायचा तर लावा. पण लावाल तेव्हा पंगतीत मी येऊन उभा राहीन, आणि आईच्या गंधमुक्तीला तुम्ही काय केलंत ते तुमच्या पाहुण्यांना तुमच्यासमोर सांगेन."