कडुनिंबाचा स्टॉप

नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरच्या पलीकडे, जिथं डांबर संपतं आणि प्लॉट सुरू होतात, तिथल्या एका कडुनिंबाला लोक ‘स्टॉप’ म्हणतात. बारा वर्षांपूर्वी वाट चुकलेली एक सिटी बस त्याच्या सावलीत थांबली, वळली आणि निघून गेली. पुन्हा कधी आली नाही. नाव तेवढं राहिलं. ‘स्टॉपपासून तिसरं घर’ असा पत्ता आता लग्नपत्रिकेवरही छापतात.

गोपिकाबाई चार घरचा स्वयंपाक करायला रोज तासभर चालत शहरात जाते. दुपारी परतताना, घर दोन पावलांवर असूनही, ती स्टॉपच्या दगडावर टेकते. डोळे मिटले की बस येते. लाल, रिकामी, सगळ्या खिडक्यांतून वारा. कंडक्टर म्हणतो, “काहून उभ्या बाई, बसा नं.” मग सगळं नागपूर तिच्या खिडकीपुढून हळूहळू सरकत जातं, आणि गुडघे मुळीच दुखत नाहीत.

आज डोळे उघडले तर समोर खराच माणूस, हातात मोबाइल. कोणत्या वस्तीला बस हवी, याची पाहणी करायला आलेला.

“इथं गरज नाही काकू,” मोबाइल दाखवत तो म्हणाला. “नकाशात स्टॉप लिहिला आहे. म्हणजे बस येतेच.”

गोपिकाबाईनं दगडावर सरकून त्याला जागा केली.

“येते नं भाऊ. बसा. मी बारा वर्षांपासून वाट पाहून राहिली, आता तुम्ही बी पाहा.”